चाटलेली मुंगी

१

मॅडम संध्याकाळी घरी आल्या की आधी चपला काढत, मग हात धूत, आणि थेट आईच्या खोलीत जाऊन तिच्यापुढे वाकून उभ्या राहत. आईची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि कानांनीही आताशा अर्धी साथ सोडली होती. ती चाचपडत लेकीची मान धरायची, खाली ओढायची, कानामागे नाक लावून एक खोल श्वास घ्यायची आणि म्हणायची, "हं. चिमीच." पन्नाशी उलटलेल्या, केस पिकलेल्या, परिषदांमध्ये भल्याभल्यांची भंबेरी उडवणाऱ्या बाईला चिमी म्हणणारं माणूस जगात एवढं एकच उरलं होतं. त्या एका शब्दावर मॅडमचा दिवसभराचा शीण उतरायचा.

चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. किड्यांच्या अंगावर मेणाचा एक पातळ थर असतो, त्या मेणाचं रसायन हा मॅडमचा जन्माचा विषय. असल्या कामात अत्तराचा एक थेंब यंत्राला आठवडाभर वेड लावतो, म्हणून मॅडमनी अत्तर, पावडर, सुगंधी साबण, केसांचं तेल सगळं तरुणपणीच सोडून दिलं होतं. एका स्थळानं म्हणे याच कारणावरून नकार कळवला होता. मॅडमना त्याचं फारसं दुःख झालं नाही. थोडक्यात काय, मॅडमच्या अंगाला वास होता तो निव्वळ त्यांचा स्वतःचा, आणि आईला तो पाठ होता.

आईला सांभाळणारी जुनी बाई लेकाकडे राहायला गेली आणि तिच्या जागी ही नवी आली. वयानं मॅडमच्याच बरोबरीची, अंगानंही तशीच, बोलायला मऊ. आईला वेळेवर भरवायची, न्हाऊ घालायची, पाय चेपून द्यायची. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि मॅडमचा स्वभाव असा की नाव ठेवायला जागा नसली की त्यांना चैन पडत नसे.

त्या दिवशी मॅडम नेहमीसारख्या वाकल्या. आईनं मान धरली, कानामागे नाक लावलं, श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. तिचे हात सैल पडले.

"कोण आहे?" आई म्हणाली. आणि तोंड स्वयंपाकघराकडे वळवून तिनं हाक मारली, "चिमे, ही कोण आलीय बघ गं!"

"आले हं, आई," स्वयंपाकघरातून बाईचं उत्तर आलं.

२

आता म्हातारं माणूस आहे, विसरायचंच. डॉक्टरांनी तर आधीच सांगून ठेवलं होतं की अशा गोष्टी होतील, मनाला लावून घेऊ नका. मॅडमनी ते मनाला लावून घेतलं नाही. त्यांना खटकलं ते वेगळंच. आईनं चुकीच्या माणसाला हाक मारली ते ठीक, पण त्या माणसानं ओ का द्यावी?

"ताई, वय झालंय त्यांचं," बाई म्हणाली होती. "कशाला विरोध करायचा? काय म्हणतील त्याला हो म्हणावं. तुम्हाला राग आला का?"

"छे. राग कसला."

मोठ्या भावाला फोन केला तर तो हसला. तो दूर राहायचा आणि दुरून सगळंच सोपं दिसतं. "चिमे, अगं नशीब समज. हल्ली अशी माणसं मिळतात कुठे? तू उगाच तिच्या मागे हात धुऊन लागू नकोस." हाही चिमी म्हणायचा, पण वर्षातून दोनदा, म्हणून तो धरायचा नाही.

मॅडम लॅबमध्ये गेल्या. तिथे काचेच्या पसरट पेट्यांमध्ये त्यांची मुंग्यांची वारुळं होती आणि प्रत्येक वारुळात एक पाहुणा होता. पाहुणा म्हणजे एक भुंगेरा. शास्त्रीय नाव लांबलचक होतं, लॅबमध्ये सगळे पाहुणाच म्हणत. तो वारुळात शिरतो तेव्हा त्याच्या अंगाला कसलाच वास नसतो. मुंग्यांना ना मित्र कळतो ना शत्रू, त्या त्याच्या अंगावरून खुशाल चालत जातात. मग तो हळूहळू त्यांना चाटायला लागतो. त्यांच्या अंगावरचं मेण आपल्या अंगाला फासतो. काही दिवसांत त्याला घरचा वास येतो, आणि मग त्याच मुंग्या पोटच्या अळ्यांना उपाशी ठेवून त्याला भरवायला लागतात.

"भटाला दिली ओसरी," ऑपरेटर म्हणायचे. हे मॅडमचं मोठं यंत्र चालवणारे गृहस्थ. वासाचं मिश्रण यंत्रात घातलं की ते एकेक पदार्थ सुटा करून कागदावर शिखरांची रांग काढतं. कुठलं शिखर कशाचं हे ऑपरेटरना न बघता सांगता यायचं. मॅडमचा हात चुकून एखाद्या नमुन्याला लागला तर मुंग्यांच्या शिखरांशेजारी शिखरांचं आणखी एक टोळकं उभं राहायचं, ठरलेल्या उंचीचं, ठरलेल्या जागी. ऑपरेटर त्याला 'मॅडमची सही' म्हणत आणि कागद फडकावून दाखवत.

पाहुण्याच्या मेणातला एकेक पदार्थ मॅडमनी स्वतः फ्लास्कमध्ये बनवला होता. त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. पण अलीकडे त्यांच्या डोक्यात एक वेगळाच किडा वळवळत होता. पाहुण्यावर सगळ्या जगानं लिहिलं. ज्या मुंगीला तो चाटतो, तिचं काय? एकीलाच फार चाटलं तर? त्यांनी असल्या एका मुंगीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता आणि तिला रोज बघत होत्या. तिला कोणी चावत नव्हतं, हाकलत नव्हतं, भरवतही नव्हतं. बाकीच्या तिच्या अंगावरून चालत जायच्या.

त्या दिवशी पेटीशी उभं राहिल्यावर मॅडमच्या मनात जो विचार आला त्याची त्यांना स्वतःलाच लाज वाटली. एका गरीब, कष्टाळू बाईबद्दल असा विचार! त्यांनी पेटीवरचं काळं कापड खाली ओढलं आणि चहा प्यायला गेल्या.

३

पण शंकेची पाल एकदा चुकचुकली की मग घरभर तिचाच आवाज.

मॅडम घरात बघायला लागल्या. धुवायच्या टोपलीत टाकलेले आपले कपडे तिथे दोन-दोन दिवस पडून असतात, आईचे मात्र लगेच धुतले जातात. का? बाई म्हणाली, तुमचे कपडे वेगळे भिजवायचे असतात ना ताई, वासाचा साबण चालत नाही. खरं होतं. आपली जुनी करडी शाल बाईच्या खांद्यावर कायम असते. का? तर मॅडमनीच दिली होती, पहिल्याच आठवड्यात, थंडी वाजते म्हणाली तेव्हा. हेही खरं. मॅडम सकाळी बाहेर पडल्या की त्यांच्या खोलीचं दार आतून लावलेलं असतं असं शेजारीण बोलली. बाई म्हणाली, वाऱ्यानं आपटतं, आईंची झोपमोड होते. दार खरोखरच आपटायचं.

प्रत्येक गोष्टीला कारण होतं. मॅडमच्या अख्ख्या कारकिर्दीत त्यांना इतक्या नीटनेटक्या कारणांचा प्रयोग कधी साधला नव्हता, आणि कुठेतरी पाणी मुरतंय असं त्यांना वाटलं ते नेमकं त्यामुळेच.

आणखी एक गोष्ट त्यांना आता आठवली. बाई पहिल्या दिवशी आली तेव्हा मॅडमना तिचा वास आला नव्हता. साबणाचा नाही, घामाचा नाही, स्वयंपाकाचा नाही. मॅडमचं नाक तयार होतं. दारात उभा राहिलेला माणूस सकाळी काय खाऊन निघाला हे त्यांना कळायचं. बाईजवळ उभं राहिलं तर जणू तिथे कोणी नव्हतंच. तेव्हा त्या खूश झाल्या होत्या. लॅबला साजेशी बाई मिळाली, असं भावाला फोनवर म्हणाल्यासुद्धा होत्या.

आता त्या मुद्दाम तिच्या जवळून जाऊ लागल्या. पाणी घ्यायच्या निमित्तानं, चमचा शोधायच्या निमित्तानं. बाई बाजूला सरकून हसायची. मॅडम श्वास घ्यायच्या. काही नाही. अजूनही काही नाही.

मग एका संध्याकाळी, ग्लास हातात धरलेला असताना, त्यांच्या लक्षात आलं की या 'काही नाही'चे अर्थ दोन होतात. एक तर बाईच्या अंगाला वासच नाही. नाहीतर जो आहे तो स्वतः मॅडमचा आहे. कारण माणसाला आपला स्वतःचा वास काही केल्या येत नाही. नाकाकडून याचा निकाल लागणार नव्हता.

आतल्या खोलीत आई कोणालातरी सांगत होती, "माझी चिमी लहानपणापासून मुंग्यांमागे." बाई म्हणत होती, "हो ना, आई. मला आठवतंय."

४

सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये कोणी नसतं. मॅडमनी शाल ड्रायक्लीनला देते म्हणून बाईकडून मागून घेतली आणि पिशवीत घातली. त्याच पिशवीत काचेच्या कापसाची बरणी आणि रिकाम्या कुप्या होत्या. लॅबमध्ये पोचल्यावर कापसाचा एक बोळा त्यांनी शालीच्या गळ्याकडच्या काठावर घासला, दुसरा स्वतःच्या मानेवर. दोन्ही कुप्यांत द्रावक ओतलं, यंत्रात चढवल्या आणि समोर स्टुलावर बसून राहिल्या. यंत्राची गरगर एकसुरी चालू होती. शेजारच्या खोलीत मुंग्यांच्या पेट्यांवर काळी कापडं होती.

पहिला आलेख आला. शालीचा. मग दुसरा, स्वतःचा. मॅडमनी एक कागद दुसऱ्यावर ठेवून उजेडात धरला. शिखरावर शिखर बसलं. एकही इकडेतिकडे नव्हतं.

 भीतीपेक्षा आधी आला तो संताप. ही बाई आपल्या घरात राहून, आपलं खाऊन, आपल्याच आईपुढे... त्यांनी फोन उचलला, बाई पाठवणाऱ्या संस्थेचा नंबर लावला, तो सुट्टीमुळे कोणी उचलला नाही. मग भावाला लावला.

"उद्याच्या उद्या तिला काढतेय मी. तुला काय वाटायचं ते वाटू दे."

"चिमे, काय झालं? चोरी केली का तिनं?"

 चोरी तर होतीच. पण पोलिसात जाऊन काय गेलं म्हणून सांगायचं?

तेवढ्यात ऑपरेटर आले. पंप आवाज करतोय म्हणून बघायला आले होते. मॅडमचा चेहरा बघून त्यांनी काही न विचारता कागद हातात घेतले, नाकावर चष्मा चढवला.

"या दोन्हींवर तुमची सही आहे, मॅडम. ब्लँक कुठाय?"

मॅडमनी कुप्यांकडे पाहिलं. दोनच होत्या.

"ब्लँक, मॅडम. कोरा कापूस. लावला नाहीत?"

नव्हता लावला. नमुन्याआधी कोरा कापूस यंत्रात घालून काही दिसत नाही ना याची खात्री करायची, हे लॅबचं पहिलं अक्षर. ते विसरलं म्हणून मॅडमनी किती विद्यार्थ्यांना रडवलं होतं त्याला गणती नव्हती. आणि आज त्या स्वतःच! ऑपरेटरनी त्याच बरणीतला न वापरलेला बोळा चढवला. आलेख आला. तीच शिखरं, त्याच जागी, जरा बुटकी.

"झालं! सगळ्या बरणीलाच तुमचा हात लागलाय," ऑपरेटर हसायला लागले. "तुम्ही शालीचा वास घेतलाच नाहीत, तुमचाच घेतलात दोनदा. मी हे कोणाला सांगणार नाही, पण पेढे... म्हणजे निदान चहा तरी पाजा."

मॅडमही हसल्या. इतकं हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही उगाच नाही. घरी जाताना त्यांनी बाईसाठी नवी शाल घेतली, चांगली जाड, निळी.

५

बाईला निळी शाल आवडली, पण पिशवीतून करडी काढून ती खांद्यावर मात्र तीच घेऊन बसली. "हिची सवय झालीय, ताई," म्हणाली.

आणि आई? मॅडम मान खाली घालून उभ्या राहिल्या. आज सगळं ठीक होणार अशी त्यांची खात्री होती. आईनं त्यांच्या कानामागे नाक लावलं. बराच वेळ ठेवलं. मग ती अंग चोरून मागे सरली आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. या वेळी तिनं कोण आहे असंसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ऑपरेटरना गाठलं. "एकदा नीट करू. पद्धतशीर. माझा हात कशाला लागायला नको."

ऑपरेटरनी नवा काचेचा कापूस भट्टीत तापवला, चंदेरी कागदात गुंडाळून दिला, चिमटा दिला. बाईचा नमुना घरी घ्यायचा होता. मॅडमना वाटलं होतं ती का-कू करेल, प्रश्न विचारेल. बाईनं काही विचारलं नाही. खुर्चीत बसली, केस बाजूला केले आणि मान वळवून कानामागची जागा पुढे केली.

"घ्या ना, ताई. हवं तेवढं घ्या," ती म्हणाली. "तुमचंच आहे."

लोक म्हणतात असं. पाहुण्याला घर दाखवताना म्हणतात, ताटात वाढताना म्हणतात. मॅडमनी स्वतःला तसं समजावलं, आणि चिमट्यातला कापूस त्या जागेवर घासला.

मॅडमचा नमुना ऑपरेटरनी लॅबमध्ये स्वतः घेतला. मान लाल होईपर्यंत घासली. मग तीन कुप्या ओळीनं लावल्या: कोरा, बाई, मॅडम. दोघं यंत्रासमोर बसून राहिले.

कोरा आला. स्वच्छ, सपाट रेघ. ऑपरेटरनी समाधानानं मान हलवली.

बाईचा आला. ऑपरेटर पुढे झुकले. "ही तर तुमची सही," ते म्हणाले. "तुमच्या बाई तुमच्या कोणी लागतात का? सख्ख्या बहिणींचंसुद्धा इतकं जुळत नाही हो."

मग मॅडमचा आला. सपाट रेघ.

"माझंच चुकलं," ऑपरेटर कपाळाला हात लावून म्हणाले. "कोराच दोनदा भरला मी." त्यांनी कुपी उचलून पाहिली. आत कापूस होता, मळका, मानेवर घासलेला. त्यांनी तीच कुपी पुन्हा चढवली. पुन्हा सपाट रेघ. कातडी म्हटली की काहीतरी येतंच. मेलेल्या माणसाच्या कातडीचंसुद्धा येतं.

"मग परवा बरणीत सही कुठून आली?" मॅडमचा आवाज त्यांना स्वतःला लांबून ऐकू आला.

"परवा? परवा ती शाल त्याच पिशवीत होती ना?" ऑपरेटर यंत्राकडे बघत म्हणाले. "मग शालीचंच लागलं असणार सगळ्याला. त्यात तुमचं काहीच नव्हतं."

बोलून झाल्यावरही ते यंत्राकडेच बघत राहिले. मग उठले, पेन खिशाला लावलं, पंप बंद केला. मॅडम बसल्या होत्या त्या स्टुलाला वळसा घालून दाराशी गेले, दिव्याचं बटण दाबलं आणि बाहेर पडले. दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला.

"अहो!" मॅडम ओरडल्या. "मी आत आहे!"

पावलं जिन्यावरून उतरत गेली. विसरले असतील. माणूस विचारात असला की विसरतो.

६

किल्ली मॅडमच्या पर्समध्ये होती. म्हणजे घाबरायचं कारण नव्हतं, आणि त्या घाबरल्या नाहीत. त्या मुंग्यांच्या खोलीत गेल्या. तिथे दिवसाही लाल दिवा असायचा. मुंग्यांना लाल उजेड दिसत नाही.

आपली कातडी बिनवासाची आहे असं यंत्र म्हणत असेल तर यंत्र बिघडलंय. दुसरं यंत्र आहे की, जिवंत, कधीच न बिघडणारं. या मुंग्यांच्या पिढ्या मॅडमना तीस वर्षं ओळखत होत्या. पेटीचं झाकण काढलं की पहिल्या पाच-सहा जणी मागच्या पायांवर उभ्या राहून जबडे पसरायच्या, आणि बोट खाली आलं की डसायच्या. मॅडमच्या बोटांवर त्याचे बारीक डाग होते. त्यांनी काळं कापड दूर केलं, झाकण उचललं आणि हात आत, मुंग्यांच्या वाटेवर ठेवला.

मुंग्या येत होत्या, जात होत्या. एक बोटापाशी आली, बोटावर चढली, उतरली, पुढे गेली. तिच्या मागची तशीच. कोणी थांबलं नाही, मिशा हलवल्या नाहीत. वाटेत ढेकूळ पडलं असतं तर त्या निदान वळसा घालून गेल्या असत्या.

मॅडमनी हात तसाच ठेवला. मुंग्यांची रांग मनगटावरून चालत होती आणि त्यांना हुंदका आला. डसा गं, त्या म्हणाल्या. एकदा तरी डसा.

पेटीच्या कोपऱ्यात पाहुणा होता. तुकतुकीत, टुमटुमीत. त्याच्यासमोर पांढऱ्या ठिपक्याची मुंगी होती. बाकीच्या मुंग्या तिच्या पाठीवर पाय देऊन त्याला भरवत होत्या. ती तोंड उघडून उभी होती, त्याच्याकडे बघत. तो तिला काही देत नव्हता, आणि ती तिथून हलत नव्हती.

७

मॅडम भर दुपारी घरी पोचल्या. ठरवूनच आल्या होत्या. कारण शोधायचं नाही, वाद घालायचा नाही, बाईचं सामान दाराबाहेर ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं. किल्लीनं दार उघडून त्या आत आल्या तेव्हा घर शांत होतं. आईच्या खोलीतून तिचा झोपेतला श्वास ऐकू येत होता. आणि दुसरा एक आवाज होता, ओला, बारीक, थांबून थांबून येणारा. मांजर दूध पिताना येतो तसा.

तो मॅडमच्या खोलीतून येत होता. दार पुरतं लागलेलं नव्हतं. फटीतून पलंगाची कड दिसत होती, आणि करड्या शालीतली पाठ. बाई जमिनीवर गुडघे टेकून मॅडमच्या उशीवर वाकली होती. तिचं डोकं हळूहळू, पद्धतशीर, उशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होतं. मग थांबलं. उशी उलटली. पुन्हा सुरू झालं.

मॅडमनी दार ढकललं. "नीघ," त्या ओरडल्या. "आत्ताच्या आत्ता नीघ माझ्या घरातून!"

बाईनं वर पाहिलं. तिनं तोंड पुसलं. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना लाज. लहान मुलानं हट्ट केला की आई बघते तशी ती बघत होती.

आणि पलीकडच्या खोलीतून आईची किंकाळी आली.

"चिमे! चिमे गं! घरात कोणीतरी शिरलंय!"

दोघी एकदमच धावल्या. मॅडम आधी पोचल्या, पलंगावर बसल्या, आईचे हात धरले. "आई, मी आहे. मी. चिमी." आई हात सोडवून घेत होती, पायानं ढकलत होती, तिचा श्वास वर वर जात होता आणि ओठ निळे पडत होते. डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, घाबरू देऊ नका, हृदय दमलंय. मॅडमनी आणखी घट्ट धरलं. आईच्या घशातून चमत्कारिक आवाज यायला लागला.

"सोडा, ताई," बाई हलकेच म्हणाली. "जाईल ती अशानं."

मॅडमनी हात सोडले. बाई दुसऱ्या बाजूनं पलंगावर बसली, शालीची कड आईच्या नाकाशी नेली. आईनं चाचपडत तिचा गळा धरला, कानामागे नाक खुपसलं. एक श्वास. दुसरा. तिसरा खोल आला. ओठांवर रंग परतला.

"गेलं का कोण ते?" आईनं विचारलं.

"कोणी नव्हतं. नवी बाई आलीय आपल्याकडे, मदतीला. तिचा आवाज मोठा आहे जरा."

मॅडम उभ्या होत्या. बोलायचं खूप होतं. पण बोललं तर काय होतं ते त्यांनी आत्ताच पाहिलं होतं.

"त्यांना भूक लागली असेल," बाई मॅडमना म्हणाली. "सूप गरम करून आणता?"

मॅडम स्वयंपाकघरात गेल्या. भांडं कुठे ठेवलंय ते त्यांना सापडेना. बाईनं सगळ्याच जागा बदलल्या होत्या. शोधून, सूप गरम करून, फुंकून, वाटी घेऊन त्या परत आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. पहिला चमचा ओठांना लागला तेव्हा आईनं तोंड उघडलं. दुसऱ्याला आपणहून उघडलं. बाईच्या खांद्यावर डोकं टेकून, डोळे मिटून ती शांतपणे जेवत होती, आणि तिच्या हनुवटीवर ओघळलेलं सूप टिपताना मॅडमच्या बोटांना तिची ऊबदार कातडी लागत होती. आज आईनं त्यांना इतका वेळ जवळ बसू दिलं होतं. मॅडमना बरं वाटलं. बरं वाटलं याची त्यांना भीती वाटली, आणि तरीही बरं वाटलं.

वाटी संपत आली तशी आई बाईच्या कानाकडे झुकली. कानानं कमी ऐकणाऱ्या माणसांची कुजबुज साऱ्या घराला ऐकू जाते, तशीच ती कुजबुजली.

"हात मऊ आहे गं हिचा. ठेवून घे. पण जरा लक्ष ठेव, चिमे. अंगाला काहीच वास नाही हिच्या. असल्या माणसाचा भरवसा धरू नये."

"ठेवते लक्ष," बाई म्हणाली.

खरं सांगायचं तर मॅडमनाही आईचं म्हणणं पटलं. त्यांनी शेवटचा चमचा भरला, फुंकर घातली आणि आईच्या ओठांशी नेला.